श्रोत्याची जागा

गेली पाच-सहा वर्षे रात्रीचा स्वयंपाक करताना मी खुनांच्या गोष्टी ऐकते आहे. या नियतकालिकात हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. ज्या पानांवर संहिता, वाचक आणि आस्वाद यांविषयी गांभीर्याने लिहिले जाते, तेथे कणीक मळता मळता अमेरिकेतल्या सीरियल किलरच्या तपासाची ऑडिओबुके ऐकण्याची सवय मांडणे म्हणजे मागच्या दाराची चप्पल दिवाणखान्यात आणून ठेवण्यासारखे आहे. तरीही ती मांडावीशी वाटली याला कारण घडले ते वर्गात.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला रसचर्चा शिकवीत होते. भयानक रसाशी आले तेव्हा, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, नाटकातल्या भीतीचा आस्वाद घेता येतो, हे समजलं. पण गोष्ट खरी असेल, माणसं खरोखर मेलेली असतील, तर ते ऐकताना जे वाटतं त्याला काय म्हणायचं?” मी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. असा अनुभव लौकिक होय. तेथे भय हा स्थायीभाव आहे, परंतु रस नाही. जे खरे घडले त्याने माणसाला दुःख व्हावे, जुगुप्सा वाटावी, आनंद होण्याचे कारण नाही. तिने ते वहीत उतरून घेतले. त्याच रात्री घरी येऊन मी कानात इअरफोन घातला आणि आदल्या दिवशी जेथे थांबले होते तेथून पुढे ऐकू लागले. ऐकताना मला दुःख होत नव्हते. जे होत होते त्याला नाव देण्याची जबाबदारी मी एका बावीस वर्षांच्या मुलीवर ढकलून आले होते, एवढे मात्र कळत होते.

अभिनवगुप्तांनी भयानकासाठी घेतलेले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे धावणारे, मान वळवून वळवून मागे पाहणारे हरिण. त्यांचे म्हणणे असे की, ते हरिण विशिष्ट राहत नाही, त्याला भिवविणारा खऱ्या अर्थाने खरा नसतो; म्हणून उरते ते केवळ भय, देश आणि काळ यांनी न वेढलेले. ते माझे नाही, शत्रूचे नाही, मित्राचे नाही, तटस्थाचेही नाही. हेच साधारणीकरण. रसप्रतीतीत येणारी जी सात विघ्ने ते सांगतात त्यांतले दुसरे विघ्न नेमके याच्या उलट आहे: आपले आणि परक्याचे असे ठरवून देशकालाच्या विशेषात गुंतून पडणे. आता सत्य गुन्हेकथा ऐकून पाहावी. तिचे सारे भांडवल या विघ्नाचेच आहे. तारीख, वार, रात्रीचे किती वाजले, घराला कुंपण होते की नाही, मागे नाला होता की मोकळे रान, सरकत्या काचेच्या दाराची कडी कशी होती. हरणाचे नाव, गाव, वय आणि त्याने त्या दिवशी काय खाल्ले होते, इतके सर्व ती सांगते. शास्त्राप्रमाणे येथे आस्वाद अशक्य व्हायला हवा. प्रत्यक्षात माझी पोळी तव्यावर करपते.

ज्या पुस्तकाने मला हा प्रश्न सोडू दिला नाही ते मिशेल मॅकनमारा या अमेरिकन लेखिकेचे ‘आय’ल बी गॉन इन द डार्क’. २०१८च्या फेब्रुवारीत ते प्रसिद्ध झाले. १९७० आणि १९८०च्या दशकांत कॅलिफोर्नियात एक माणूस रात्री घरांत शिरत असे. सॅक्रामेंटो आणि आसपासच्या वस्त्यांत १९७६पासून त्याने सुमारे पन्नास बलात्कार केले. १९८६पर्यंत तेरा खून केले. उत्तरेतले बलात्कार आणि दक्षिणेतले खून एकाच माणसाचे आहेत हे डीएनएवरून २००१ साली उघड झाले, तोपर्यंत दोन्हीकडच्या पोलिसांनी त्याला निरनिराळी नावे दिली होती. ‘गोल्डन स्टेट किलर’ हे नाव मॅकनमाराचे. आपल्या लहान मुलीच्या खेळण्याच्या खोलीत रात्र रात्र बसून ती जुने दस्तऐवज, नकाशे, चोरीला गेलेल्या वस्तूंच्या याद्या चाळीत असे. पुस्तक पुरे होण्यापूर्वीच, एप्रिल २०१६मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती झोपेत वारली. उरलेला भाग तिच्या सहकाऱ्यांनी तिच्या टिपणांवरून जुळविला. पुस्तक बाहेर आल्यावर दोन महिन्यांच्या आत, २४ एप्रिल २०१८ रोजी, सॅक्रामेंटोजवळच्या साइट्रस हाइट्समध्ये जोसेफ जेम्स डीअँजेलो या बहात्तर वर्षांच्या माणसाला अटक झाली. वंशावळी शोधणाऱ्यांनी स्वेच्छेने आपला डीएनए ठेवलेल्या संग्रहातून त्याच्या दूरच्या नातेवाइकांपर्यंत आणि तेथून त्याच्यापर्यंत तपास पोहोचला. तो तीन मुलींचा बाप होता. आणि १९७३ ते १९७९ तो पोलीस होता. दुकानातून हातोडा आणि कुत्र्यांना दूर ठेवण्याचे औषध उचलल्यावरून त्याची नोकरी गेली होती.

तोदोरोव्ह यांनी १९६६ सालच्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे म्हटले: एक गुन्ह्याची, निवेदनापूर्वीच संपलेली, दुसरी तपासाची, आपल्यासमोर उलगडणारी. आज हे पुस्तक ऐकणाऱ्याला तिसरीही कथा ठाऊक असते. निवेदिकेला जे नाव शेवटपर्यंत सापडले नाही ते ऐकणाऱ्याला पहिल्या प्रकरणापासून माहीत असते. तिच्या प्रत्येक चुकीच्या तर्काशी आपण थबकतो. ‘अगं, तो नव्हे’ असे म्हणावेसे वाटते, आणि म्हणून उपयोग नसतो. आणखी एक गोष्ट. हे ‘मी’चे पुस्तक आहे, परंतु ऑडिओबुकातला ‘मी’ तिचा नाही. गॅब्रा झॅकमन या व्यावसायिक वाचिकेचा आहे. पुढे पतीचे मनोगत येते ते मात्र पती पॅटन ऑस्वाल्ट स्वतः वाचतो. म्हणजे ज्यांना शोक झाला त्यांना आवाज आहे आणि जी गेली तिला उसना. लेखकाच्या मृत्यूविषयी आपण परिसंवादांत इतके बोललो आहोत की तो शब्दप्रयोग गुळगुळीत झाला आहे; स्वयंपाकघरात एका मृत बाईचे प्रथमपुरुषी निवेदन दुसरीच्या गळ्यातून ऐकताना तो पुन्हा एकदा बोचला.

परंतु मला सांगायचे आहे ते कानाविषयी. हेच पुस्तक मी नंतर मुद्दाम छापील रूपात वाचले आणि तो निराळा अनुभव होता. वाचताना मी तपास करणाऱ्यांच्या बाजूची होते. पान उलटून मागे जात होते, नकाशा पाहत होते, दोन तारखा ताडून पाहत होते. डोळा हा तपासाचा अवयव आहे. ऐकताना मागे जाता येत नाही असे नाही, पण हात कणकेत असतात आणि आवाज आपल्या गतीने पुढे जातो. आणि या विशिष्ट प्रकरणात ऐकण्याला फार विपरीत अर्थ आहे. हा माणूस पीडितांच्या डोळ्यांवर पट्टी बांधत असे. घरातल्या पुरुषाला पालथे बांधून त्याच्या पाठीवर कपबश्या, ताटल्या रचून ठेवीत असे. त्या वाजल्या तर सगळ्यांना मारीन, अशी धमकी देऊन तो दुसऱ्या खोलीत जाई. मध्येच बराच वेळ तो आवाजच करीत नसे. गेला, असे वाटून कोणी हालचाल केली की अंधारातून पुन्हा त्याची चाहूल लागे. पुढे पोलिसांना दिलेल्या जबान्यांत चेहरा नव्हता. दात आवळून केलेली कुजबुज होती, उघडलेल्या ड्रॉवरचे, फ्रिजच्या दाराचे आवाज होते. म्हणजे त्या स्त्रियांची साक्ष ही कानांची साक्ष होती, आणि त्यांना ओलीस ठेवणाऱ्याचे हत्यारही कानच होते. ऑडिओबुक ऐकणारी मी डोळे असूनही अंधारात असते आणि कानावर पडेल तेवढ्यावरून घर जुळवीत असते. ही जागा तपासनिसाची नव्हे. दुष्यंताच्या रथातली तर नव्हेच.

हरणाची तरी आहे का? तसे म्हणण्याचा मोह होतो, कारण त्याने माझ्या सवयीला नैतिक आधार मिळतो. स्त्रिया अशी पुस्तके का ऐकतात, याचे जे उत्तर अलीकडे दिले जाते ते याच वळणाचे असते: सावध होण्यासाठी, धोका ओळखायला शिकण्यासाठी. मला ते पुरेसे वाटत नाही. विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळी फिरताना मी एकाच कानात इअरफोन घालते, दुसरा मोकळा ठेवते. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. मॅकनमारा चौदा वर्षांची असताना, १९८४ साली, शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये तिच्या घरापासून जवळ एका तरुणीचा खून झाला. ती धावायला बाहेर पडली होती आणि तिच्याजवळ वॉकमन होता. दोन दिवसांनी मॅकनमाराने त्या बोळात जाऊन फुटक्या वॉकमनचे तुकडे उचलले. तिचा सारा ध्यास येथून सुरू झाला, असे ती सांगते. हा प्रसंग पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आवारातल्या चिंचेखालच्या बाकाजवळ होते, आणि मोकळ्या कानाकडे नकळत हात गेला. सावधपणा आपल्याकडे आधीपासूनच असतो. मग दहा-दहा तास आपण काय ऐकतो?

याच पुस्तकाच्या शेवटी एक पत्र आहे, त्या अज्ञात वृद्धाला उद्देशून. एक दिवस दाराशी गाडी थांबेल, घंटा वाजेल, असे ती त्याला बजावते. इंग्रजीत सर्वत्र ‘यू’ आहे. मराठीत करायचे तर प्रथम ठरवावे लागेल: तू की तुम्ही? वयाने बापासारख्या माणसाला ‘तू’ म्हणण्यात जो अधिकार आणि जो तिरस्कार आहे तो मराठीत एका अक्षरात येईल. छापील पानावर ते पत्र आपण दुसऱ्याचे म्हणून वाचतो. कानात घातल्यावर मात्र ‘यू’ म्हणजे जिच्या कानात तो शब्द पडतो ती. कथनमीमांसेत आपण ज्याला निवेदनश्रोता म्हणतो त्याच्या खुर्चीत तो खुनी बसलेला असतो आणि त्या पत्रापुरते मला उठून त्याच्या जागी बसावे लागते. तो रात्री घराबाहेर उभा राहून, खिडकीला कान लावून, आतल्या माणसांचे ऐकत असे. मीही परक्या घरांतले तेच तर ऐकत आले होते.

अॅन रूल या लेखिकेचे १९८० सालचे ‘द स्ट्रेंजर बिसाइड मी’ यानंतर ऐकले तेव्हा ही अस्वस्थता वाढली. १९७१ साली सिॲटलमधल्या एका मदतकेंद्रात रात्री आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचे फोन घेण्याचे काम ती करीत असे, आणि तिच्या शेजारी बसून तेच काम करणारा तरुण म्हणजे टेड बंडी. तो चांगला ऐकून घेणारा होता, असे तिने प्रांजळपणे लिहिले आहे. ऐकणे हे मुळातच सहृदयतेचे लक्षण मानण्याची आपली सवय आहे. ‘सहृदय’ हा शब्द तर आपण श्रोत्यासाठीच राखून ठेवला आहे. ती सवय येथे उपयोगी पडत नाही.

आता थोडे घरचे. मी पुण्यातल्या एका वाड्यात वाढले. १९७६-७७ सालच्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या गोष्टी माझ्या जन्माआधीच्या. परंतु मला त्या तोंडपाठ होत्या. दिवेलागणीनंतर दारे कशी बंद होत, कोण कोणाला सोबत करी, दार वाजले की आधी नाव विचारून मगच कडी काढायची ही पद्धत वाड्यात कधीपासून पडली, हे आई, आजी, समोरच्या काकू उन्हाळ्यात अंगणात बसून मोठ्या आवाजात सांगत. चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली, तेथे गोष्ट संपे आणि ऐकणारी मुले झोपायला जात. त्या सांगण्यात तारखा होत्या, रस्ते होते, पोलीस होते, शेवट होता. आज ऑडिओबुकांत ज्याची मला ओढ वाटते ते सारे त्यात होते, एका बाहेरून येणाऱ्या माणसासकट.

दुसरी गोष्ट मात्र कधी सांगितली गेली नाही. मी तिसरीत असताना, १९८८ साली, वाड्यातल्या मागच्या बिऱ्हाडातल्या वहिनी भाजल्या. सगळे ‘भाजल्या’ असेच म्हणत. मराठीत या बाबतीत क्रियापदांची चैन आहे: जळली, जाळली, जाळून घेतले. एका स्वराच्या फरकाने कर्ता येतो किंवा जातो. ‘घेतले’ लावले की तो मरणाऱ्या बाईवरच येऊन बसतो. वाड्याने या तिन्हींना बगल देणारे चौथे निवडले. भाजणे हे दूध उतू जाण्यासारखे घडते, त्याला कोणी लागत नाही. स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला, असे कागदावर आले. भारतीय दंडसंहितेत १९८३ साली ४९८अ आणि १९८६ साली ३०४ब ही कलमे आली होती. दुसऱ्यासाठी लग्नाला सात वर्षांच्या आतला मृत्यू असावा लागे. वहिनींच्या लग्नाला नववे वर्ष होते. बाकी काही ठाऊक नसले तरी हा हिशेब वाड्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता, याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला. त्यानंतर कित्येक दिवस दुपारी बायका आमच्या स्वयंपाकघरात बसत आणि अगदी हळू बोलत. मी दाराआड उभी राहून ऐकण्याचा प्रयत्न करी. अर्धी वाक्ये येत. पाय वाजला की आवाज थांबे आणि कोणीतरी म्हणे, “शेंगदाण्याचा भाव काय झालाय बघा!”

मला वाटते, माझ्या सवयीचे मूळ या दारामागे आहे. ऑडिओबुकातला आवाज थांबत नाही. पाय वाजला तरी थांबत नाही. तो सुशिक्षित, स्वच्छ, न थकणारा आवाज वाक्य पुरे करतो. कर्ता, कर्म, क्रियापद, सर्व जागच्या जागी. भयानक काय असेल ते असो, मला त्यात मिळते ते बहुधा हे पुरे सांगितले जाण्याचे सुख. अभिनवगुप्तांच्या यादीतले तिसरे विघ्न म्हणजे श्रोता स्वतःच्याच सुखदुःखाच्या ताब्यात असणे; आणि त्यावर उपाय म्हणून ते गीतवाद्यादींची योजना सांगतात. निवेदिकेचा सुरेल आवाज असेच काही करीत असावा. तो मला माझ्या दुःखातून सोडवून दुसऱ्याच्या घरात नेतो. कॅलिफोर्नियातल्या बायकांची नावे, वये, त्यांच्या घरांचे आराखडे मला माहीत आहेत. वहिनींचे माहेरचे नाव मला माहीत नाही. एक माणूस अनेक घरांत शिरतो तेव्हा आपण त्याला मालिका म्हणतो. त्याच दशकांत कितीतरी घरांतून त्या घरचीच माणसे एकेका स्टोव्हपाशी तेच करीत होती, तेव्हा मालिका दिसली नाही, कारण तिला एक नायक नव्हता. मात्र माझ्या विषयाचा मोह येथे मला फार लांब नेऊ पाहतो आहे हेही खरे. वहिनींच्या बाबतीत नेमके काय घडले, हे मला ठाऊक नव्हते.

ऑगस्ट २०२०मध्ये डीअँजेलोला पॅरोलविना जन्मठेप झाली. त्याआधी तीन दिवस वाचलेल्या स्त्रिया आणि मारल्या गेलेल्यांचे नातलग न्यायालयात एकामागून एक उभे राहून बोलले. काहींनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या रात्रीविषयी प्रथमच आपले नाव सांगून, उघड आवाजात सांगितले. तो समोर चाकांच्या खुर्चीत बसून होता. शेवटी उठून उभा राहिला आणि आपण सर्वांची निवेदने ऐकली आहेत, आपल्याला वाईट वाटते, एवढे म्हणाला. त्याचे बोलणे मी यूट्यूबवर ऐकले. त्यात ‘ऐकली’ हा शब्द होता म्हणून पुन्हा ऐकले.

त्या विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली तेव्हा मी तिला, आधीचे उत्तर वहीतून खोड, एवढेच सांगितले. ती हसली, परीक्षेत काय लिहू, असे तिने विचारले. परीक्षेत तेच लिही, असे मी म्हटले.

मागच्या महिन्यात एका रविवारी आईला फोन केला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पुण्यातच, आता फ्लॅटमध्ये एकटी राहते. इकडचे तिकडचे झाल्यावर मी विचारले, “आई, त्या दिवशी वहिनींच्या घरात काय झालं होतं गं?” तिने एवढ्या वर्षांनी हे कुठून काढलेस, असे विचारले नाही. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटले फोन कट झाला.

“पोलिसांना आम्ही सांगितलं, काही ऐकू आलं नाही म्हणून,” ती म्हणाली. “समोरच्या काकूंनी तसं सांगितलं, मग मीही सांगितलं.”

“आणि आलं होतं?”

“अगं, भिंत होती का ती? फळ्या होत्या नुसत्या. सगळं ऐकू यायचं.”

पुढे ती बरेच बोलली. घरात तिच्याशिवाय कोणी नव्हते, आणि तरी तिने आवाज इतका खाली आणला होता की मला गॅस बंद करून, पंखा बंद करून, फोन कानाशी घट्ट धरून ऐकावे लागले.